जीडीत नाव लागलं, पण काम कोणतं मिळेल?

पत्राचा गोषवारा : पत्रलेखक सांगली जिल्ह्यातला, वय साडेएकोणीस. दहावीनंतर आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स केलेला. लष्कराच्या चार वर्षांच्या अग्निवीर भरतीत त्याने टेक्निकल आणि जनरल ड्युटी (जीडी) असे दोन्ही अर्ज भरले. टेक्निकलचं मेरिट थोडक्यात हुकलं, जीडीत नाव लागलं. ग्राउंड म्हणजे मैदानी चाचणी झाली, मेडिकल फिट आहे, आता भरती कार्यालयाचं बोलावणं कधीही येईल. त्याला काम हवंय ते गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये. जीडीतून गेल्यावर पायदळ मिळेल की आणखी काही, हे त्याला कुणी सांगत नाही. भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकादमीतले सर म्हणतात, 'आधी आत घुस, मग ट्रेड बदलून घेता येतो.' हवालदार म्हणून निवृत्त झालेले चुलते म्हणतात, 'फौजेत गेलास की लाइफ सेट.' आईचं म्हणणं, चार वर्षांनी हात हलवत परत येण्यापेक्षा इथेच काहीतरी धर. तो विचारतो : 'ताई, काम कोणतं ते माहीत नसताना सही करू का?'

प्रिय मित्रा,

आधी अभिनंदन. पत्रात तू तुझ्या निवडीबद्दल अशा सुरात लिहिलं आहेस, जणू टेक्निकल हुकलं म्हणजे नापासच झालास. लेखी परीक्षा, 1.6 किलोमीटरची धाव, बीमवरचे पुल-अप्स, नऊ फुटी खड्ड्यावरची उडी आणि वर मेडिकल, हे सगळं पार करून मेरिटमध्ये नाव लागणं म्हणजे काय, ते तुझ्यासोबत पळणाऱ्या आणि यादीत नाव न सापडलेल्या मुलांना विचार.

आता तुझा प्रश्न. 'काम माहीत नसताना सही करू का' असं तू विचारतोस. त्यात एक गृहीत आहे, की टेक्निकलमध्ये निवड झालेल्या मुलाला आपलं काम माहीत असतं. ते तितकंसं खरं नाही. भरतीत तुला हातात मिळतो तो फक्त प्रवर्ग : जनरल ड्युटी, टेक्निकल, क्लार्क-स्टोअरकीपर किंवा ट्रेड्समन. त्या प्रवर्गातून कोणत्या दलात, कोणत्या प्रशिक्षण सेंटरला जायचं, हे जागा कुठे आहेत त्यावर ठरतं, आणि पुढेही गरजेप्रमाणे कोणत्याही युनिटला पाठवता येईल, ही अट तू मान्य करतोस. टेक्निकलचा मुलगाही तोफखान्यात जाऊ शकतो, सिग्नल्समध्ये रेडिओवर बसू शकतो, इंजिनिअर्समध्ये पुलाच्या कामावर असू शकतो. तुझ्यासारखा मोटर मेकॅनिक ईएमईच्या, म्हणजे लष्कराच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलाच्या, वर्कशॉपमध्ये जाण्याची शक्यता टेक्निकलमधून जास्त, हे कबूल. पण तिथेही कुणी तुला लिहून देणार नव्हतं.

दुसरं गृहीत जीडीबद्दलचं. 'जीडी म्हणजे नुसती रायफल घेऊन उभं राहायचं' असं तू लिहिलंस. जीडीचे जवान पायदळात जातात, तसेच चिलखती दलात आणि तोफखान्यातही जातात. रणगाड्याचा ड्रायव्हर, तोफेवरचा गनर, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीत, म्हणजे चिलखती गाड्यांतून लढणाऱ्या पायदळात, बीएमपी ही चिलखती गाडी चालवणारा, ही सगळी माणसं यंत्रावरच असतात. पायदळाच्या बटालियनलाही स्वतःच्या गाड्या, मॉर्टर, सिग्नलची सामग्री असते आणि त्यासाठीचे जवान बटालियनमधूनच तयार केले जातात. रणगाड्यांचं आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं सेंटर अहिल्यानगरला आहे, तोफखान्याचं नाशिक रोडला, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला. यातलं तुझ्या वाट्याला कोणतं येईल, ते मी सांगू शकत नाही, चुलते सांगू शकत नाहीत आणि अकादमीचे सर तर नाहीच नाही.

मात्र यावरून भलतीच आशाही धरू नकोस. गाडी चालवणं वेगळं आणि दुरुस्त करणं वेगळं. मोठी दुरुस्ती ईएमईच्या लोकांकडे जाते. जीडीतून गेलास तर इंजिन उघडायची संधी चार वर्षांत एकदाही न येणं अगदी शक्य आहे. तेव्हा हिशोब सर्वांत नावडत्या शक्यतेवर कर. समज, पायदळ मिळालं. प्रशिक्षणाचे सहा-सात महिने, मग बटालियन, मग कदाचित सीमेवरची चौकी, थंडी, गस्त, पहारा. पाना हातात नाही. चार वर्षांनी कायम झाला नाहीस, घरी आलास. ही चार वर्षं तरीही तुला हवी आहेत का? उत्तर 'हो' असेल तर बाकी जे चांगलं मिळेल ते वरकड. उत्तर 'नाही, पण तसं होणार नाही बहुतेक' असं असेल, तर त्या 'बहुतेक'वर सही करू नकोस.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. जवळपास दोन पानं इंजिनांवर आहेत. डिझेलचा पंप कसा सोडवला, गावातल्या ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स मास्तरांनी तुला एकट्याला कसा उघडू दिला. फौजेवर ओळी आहेत चार, आणि त्यातल्या दोन चुलत्यांच्या. यावरून मी निकाल देत नाही. माणूस ज्याला घाबरतो त्यावरही कमी लिहितो आणि ज्यावर त्याचा पक्का विश्वास असतो त्यावरही. पण तू स्वतः ते पत्र पुन्हा वाच.

आता सरांचं म्हणणं. 'आत गेल्यावर ट्रेड बदलून मिळतो.' भरती अकादम्यांचा मला राग नाही, गावागावातल्या मुलांना पहाटे चारला उठवून पळवणं सोपं काम नव्हे. पण त्यांच्या भिंतीवर निवड झालेल्यांचे फोटो असतात. तुझा फोटो लागला की त्यांचं काम झालं. चार वर्षांनी त्या मुलांचं काय झालं, त्याची भिंत मी कुठल्याच अकादमीत पाहिलेली नाही. तुझी सेवा प्रशिक्षण धरून एकूण चार वर्षांची. सहा-सात महिने प्रशिक्षणात गेल्यावर युनिटला साडेतीन वर्षांपेक्षा कमी काळ मिळणार. तेवढ्यासाठी तुला पुन्हा दुसऱ्या कामाचं शिक्षण द्यायला युनिट उत्सुक असेल असं धरून चालू नकोस. एखाद्याचं झालंही असेल. नियम म्हणून त्यावर भिस्त ठेवायची नाही. आणि कुणी 'एवढे द्या, ट्रेड मी बघतो' म्हणाला, तर तो सरळ फसवतोय. परीक्षेच्या अर्जाचं शुल्क सोडलं तर या भरतीत कुणाला एक रुपया द्यावा लागत नाही. असा माणूस भेटला तर भरती कार्यालयाला कळव, लाजू नकोस.

चुलत्यांचं मात्र वेगळं आहे. ते खोटं बोलत नाहीत. ते त्यांच्या नोकरीबद्दल बोलताहेत, आणि ती नोकरी आता त्याच दारातून मिळत नाही. ते लागले तेव्हा पंधरा वर्षांनी पेन्शन बसायची, निवृत्तीनंतर माजी सैनिक म्हणून कॅन्टीन आणि दवाखाना मिळायचा. जून 2022 मध्ये अग्निपथ योजना आली तेव्हापासून जवानांची भरती चार वर्षांवर आली. त्यानंतर जास्तीत जास्त 25 टक्क्यांना कायम सेवेत घेतलं जातं, त्यांची पुढे किमान पंधरा वर्षं सेवा होते. बाकीच्यांना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. वर्षाची रजा तीस दिवस; चुलते साठ दिवसांच्या सुट्टीवर पेरणीला यायचे, ते तुला जमायचं नाही. या काळात लग्न करायचं नाही, ही अटही आहे, आणि तुमच्याकडे पाहुणे आत्तापासून चौकशा करत असतील तर घरच्यांना ती स्पष्ट सांग. टक्का वाढणार, योजना बदलणार, अशा बातम्या अधूनमधून फिरतात. बदलली तर तुझा फायदाच आहे. पण सही करताना समोरच्या कागदावर जे असेल तेच खरं धर.

पैशाचं तू घाईत लिहिलंस, म्हणून मीच मांडते. पहिल्या वर्षी महिना 30,000, त्यातले 9,000 सेवा निधीला कापून हातात 21,000. चौथ्या वर्षी 40,000, हातात 28,000. शिवाय पोस्टिंगप्रमाणे भत्ते. चार वर्षांत तुझ्या पगारातून सुमारे 5 लाख 2 हजार निधीत जातात, सरकार तेवढेच घालतं, आणि व्याजासह साधारण 11 लाख 71 हजार रुपये करमुक्त हातात येतात, असं योजनेत सांगितलेलं आहे. राहणं, जेवण, कपडे फौजेकडे असल्यामुळे पगारातूनही बऱ्यापैकी शिल्लक टाकता येते. गावात गॅरेजवर पहिली चार वर्षं राबणाऱ्या मुलाकडे इतकी पुंजी तेविसाव्या वर्षी क्वचितच असते. आई 'हात हलवत' म्हणतात ते पैशाच्या बाबतीत तरी बरोबर नाही.

धोका दुसरीकडे आहे. ही रक्कम एकदम येते आणि ती येण्याआधीच घरात तिची वाटणी झालेली असते : स्लॅब टाकायचा, बहिणीचं लग्न, द्राक्षबागेचं कर्ज. जाणार असलास तर जाण्याआधीच वडिलांशी बोलून ठेव, की यातला अर्धा तरी भाग तुझ्या पुढच्या कामासाठी राखायचा. गॅरेज टाकायचं तर जागा, कॉम्प्रेसर, लिफ्ट, स्कॅनर यांना पैसे लागतातच. तेविसाव्या वर्षी परत आलेल्या मुलाला घरच्यांना 'नाही' म्हणणं फार जड जातं, एकोणिसाव्या वर्षी आधीच ठरवलेलं असेल तर कमी जड जातं.

आणखी एक, जे तुझ्या पत्रात नाही. चार वर्षांचा करार असला तरी बाकी सगळ्या अर्थाने ही सैनिकाची नोकरी आहे. अग्निवीरांनी सीमेवर जीव गमावलेला आहे. 48 लाखांचा विमा असतो, सेवेमुळे मृत्यू आला तर आणखी 44 लाख, अपंगत्वाला त्याच्या प्रमाणात रक्कम. हे आकडे आईला तू सांग, दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी. मला शंका आहे की 'हात हलवत परत येशील' या त्यांच्या वाक्यामागे परत येण्याचीच काळजी आहे, आणि ती त्यांना तोंडाने म्हणवत नाही.

मग पर्याय काय?

पहिला, जीडीत जायचं. तुझ्या बाजूने मोठी गोष्ट म्हणजे वय. फौजेचं दार लवकर बंद होतं. योजना आली तेव्हा मर्यादा साडेसतरा ते एकवीस अशी होती, आणि तुझ्या वेळची जाहिरात काय म्हणते ते तू पाहिलेलंच असशील. बाकीची दारं मात्र चार वर्षांनंतरही उघडी असतात. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीला खुल्या प्रवर्गात अठ्ठावीसपर्यंत वय चालतं, चालक शिपायाची पदंही वेगळी निघतात. रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलटसाठी मोटर मेकॅनिकचं आयटीआय चालतं आणि वयाची मर्यादा तिशीपर्यंत असते. फक्त डोळे एकदम चांगले लागतात, चष्मा चालत नाही. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत माजी अग्निवीरांसाठी राखीव जागा आणि वयात सवलत जाहीर झालेली आहे. म्हणजे आधी फौज आणि मग इतर, असा क्रम लावता येतो. उलटा क्रम लागत नाही.

पण हा क्रम आपोआप लागत नाही. पोलीस भरतीला बारावी लागते आणि तू दहावीवर आहेस. दहावी झालेल्या अग्निवीरांना सेवेत असताना राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून बारावी करायची सोय ठेवलेली आहे, पुढे इग्नूच्या पदवीत प्रशिक्षणाचे निम्मे श्रेयांक धरले जातात. युनिटमध्ये पोचल्यावर पहिल्या वर्षीच याची चौकशी कर. शेवटच्या वर्षी सगळ्यांना एकदम जाग येते, तेव्हा परीक्षा आणि ड्युटी दोन्ही अंगावर येतात. जाण्याआधी आयटीआयचं राष्ट्रीय प्रमाणपत्र, गुणपत्रिका हे सगळं हातात घेऊन ठेव, त्याच्या प्रती घरी ठेव आणि चारचाकीचा परवाना काढून घे. बटालियनमध्ये ड्रायव्हर निवडताना कागद असलेला मुलगा आणि 'मला येतं हो' म्हणणारा मुलगा यांत फरक पडतो.

दुसरा पर्याय, जीडी सोडून पुढच्या भरतीत टेक्निकलला पुन्हा बसायचं. थोडक्यात हुकलं म्हणतोस, आयटीआयवाल्यांना टेक्निकलच्या मेरिटमध्ये बोनस गुण असतात, वयही शिल्लक आहे. हा वेडेपणा नाही. पण डोळे उघडे ठेवून कर. पुढच्या वर्षी मेरिट वर जाऊ शकतं. पायाला दुखापत झाली की ग्राउंड संपलं. आणि टेक्निकल मिळूनही वर्कशॉपऐवजी रेडिओ समोर आला, तर पुन्हा मला पत्र लिहायची वेळ येईल. हा मार्ग धरलास तर वर्ष अभ्यासिकेत आणि ग्राउंडवर घालवू नकोस. एसटी महामंडळ मोटर मेकॅनिकच्या शिकाऊ उमेदवारांच्या जागा काढतं, खासगी कारखान्यांतही असतात. शिकाऊ उमेदवारी कर, सकाळी पळ, संध्याकाळी गणित-विज्ञान. मग टेक्निकल नाही मिळालं तरी वर्ष खात्यात जमा राहील.

तिसरा, फौजेचा विचारच सोडून द्यायचा. चुलत्यांच्या धाकाने तू तो पत्रात लिहिलाही नाहीस. शिकाऊ उमेदवारी, मग नोकरी, मग स्वतःचं गॅरेज. तुझं इंजिनांवरचं लेखन वाचून मला हा मार्ग अजिबात कमी वाटत नाही. घरात तीन पिढ्या फौजी असल्या म्हणून चौथीने गेलंच पाहिजे असं काही कुठे लिहिलेलं नाही.

माझं मत विचारशील तर, पायदळाला मनापासून 'हो' येत असेल तर जा, आणि टेक्निकल हुकल्याची हळहळ इथेच सोडून जा. 'हो' येत नसेल, वर्कशॉप मिळालं तरच फौज असं असेल, तर दुसरा किंवा तिसरा मार्ग धर. या दोन्हींच्या मधे उभं राहून, 'बघू, आत गेल्यावर जमेल काहीतरी' म्हणत सही करणं, एवढं एक करू नकोस. कारण नंतर मागे फिरता येत नाही. अगदी अपवादात्मक परिस्थिती सोडली तर चार वर्षं पूर्ण होण्याआधी स्वतःहून सुटका मागता येत नाही, आणि मंजूर झालीच तरी निधीतला सरकारचा वाटा मिळत नाही, फक्त तुझे कापलेले पैसे व्याजासह मिळतात. नाराज मनाने काढलेली चार वर्षं तुलाही जड आणि शेजारच्या खाटेवरच्या जवानालाही. शिवाय कायम करताना निवड होते ती चार वर्षांतल्या कामगिरीवर. मन दुसरीकडे असलेला मुलगा त्या चौथाईत बसणं अवघड.

तुझ्यासारखी पत्रं आणखीही येतात, म्हणून सगळ्यांसाठी थोडं. ज्यांच्याकडे आयटीआय नाही, बारावी कला शाखेची आहे आणि 'कोणतंही चालेल' असं म्हणणं आहे, त्यांनी कोणतंही म्हणजे काय काय, याची यादी आधी स्वतः लिहून पाहावी. ट्रेड्समनमध्ये स्वयंपाकी, धोबी, सफाईचं कामही येतं. त्यात कमीपणा काहीच नाही, पण तिथे पोचल्यावर धक्का बसू नये. मुलींसाठी लष्करात अग्निवीर म्हणून मिलिटरी पोलीसची जीडी भरती आहे, म्हणजे तिथे काम निदान आधीच कळतं. आणि पालकांना एक विनंती : मुलाच्या निवडीची पार्टी ठेवण्याआधी त्याच्याबरोबर बसून जाहिरात पूर्ण वाचा. पंधरा-वीस पानं असतील, एक संध्याकाळ पुरते.

तुझ्यापुरतं आता एवढं कर. बोलावणं यायच्या आधी कोल्हापूरच्या भरती कार्यालयात जाऊन ये, चुलत्यांना सोबत घेऊन गेलास तर बरंच. तिथे चार गोष्टी विचार : सही करण्याआधी सेंटर कोणतं ते कळतं का, माझं आयटीआय प्रमाणपत्र जीडीच्या नोंदीत चढतं का, आता नाव मागे घेतलं तर पुढच्या भरतीला अर्ज करता येतो का, आणि येत असेल तर माझं वय त्या तारखेला बसतं का. शेवटचे दोन प्रश्न सर्वांत महत्त्वाचे, कारण त्यांचं उत्तर 'नाही' आलं तर दुसरा पर्याय उरतच नाही आणि तुझी निवड पहिल्या-तिसऱ्यात होते. उत्तरं वहीत लिहून आण, कुणी दिली तेही लिही. मग एक दिवस आईबरोबर बस, अकादमीचे सर नको, चुलतेही नको. काय ठरलं ते कळव.

तुझी ताई